अपेक्षेचा अभ्यास : खासगी रुग्णालयातील सेवा आणि रुग्ण

बाळंतपणं सोडली, तर आपल्या देशात रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या शंभर जणांपैकी साधारण ५५ जण खासगी रुग्णालयात जातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीतला, म्हणजे २०१७-१८ सालातला हा आकडा आहे. त्याच पाहणीत एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सातपटीहून जास्त पैसे मोजायची तयारी ठेवून माणूस खासगी रुग्णालयाची पायरी का चढतो, चढताना त्याच्या मनात काय असतं आणि उतरताना तो काय मत घेऊन जातो, या प्रश्नांभोवती गेल्या काही दशकांत एक अभ्यासक्षेत्र उभं राहिलं आहे. वैद्यक, व्यवस्थापन, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा या सगळ्यांची तिथे ये-जा असते. रुग्णालय व्यवस्थापनाचा विद्यार्थी, प्रबंधाचा विषय शोधणारी संशोधक, तालुक्याच्या गावी वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारं डॉक्टर दांपत्य, विमा कंपनीत दावे तपासणारा अधिकारी, यांपैकी प्रत्येकाला इथे करण्याजोगं काम आहे, आणि प्रत्येकाचं स्वागत आहे.

माझं एक मत आधीच सांगून ठेवते. या क्षेत्राने समाधान मोजण्यावर खूप कष्ट घेतले. अपेक्षा कशी घडते हे पाहण्यावर त्या मानाने फार थोडे. ‘आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या अपेक्षेच्या आधाराने दिलं जातं, ती अपेक्षाच ठाऊक नसेल तर उत्तराचा अर्थ लागत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते याच अंगाने.

गुणवत्तेच्या अभ्यासाचा पाया घातला अवेडिस डोनाबेडियन यांनी. बैरूतमध्ये जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवत. १९६६ साली लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात त्यांनी वैद्यकीय सेवेकडे रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी पाहायला सांगितलं. इमारत, यंत्रं, मनुष्यबळ ही रचना. तपासणं, समजावणं, शुश्रूषा करणं ही प्रक्रिया. आणि माणूस बरा झाला की नाही, हा परिणाम. आजही रुग्णालयांचं मूल्यांकन करणाऱ्या बहुतेक पद्धती या तिहेरी मांडणीला धरूनच चालतात. आयुष्याच्या अखेरीस डोनाबेडियन स्वतः कर्करोगाचे रुग्ण झाले, आणि आपल्याच वाट्याला आलेल्या उपचारांतल्या विस्कळीतपणाबद्दल एका मुलाखतीत मोकळेपणाने बोलले. या क्षेत्रात येणाऱ्याने ती मुलाखत जरूर मिळवून वाचावी. गुणवत्ता मोजण्याचं शास्त्र ज्याने घडवलं, तो खाटेवरून काय पाहतो हे त्यात कळतं.

पण खाटेवरच्या माणसाला नेमकं काय दिसतं? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं, की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण डॉक्टरला जे माहीत असतं ते रुग्णाला माहीत नसतं, आणि परिणामाची खात्री तर दोघांनाही नसते. दहा वर्षांनी डार्बी आणि कार्नी यांनी याच धाग्याने सेवांचा एक वेगळा वर्ग सांगितला : ज्यांचा दर्जा वापरून झाल्यावरही गिऱ्हाइकाला पारखता येत नाही अशा सेवा. साडी घेण्याआधी अंगावर धरून पाहता येते, खानावळीतलं जेवण जेवल्यावर कळतं. पण अपेंडिक्स काढायची खरोखर गरज होती का, हे ते काढून झाल्यावरही रुग्णाला कळत नाही. मग तो जे पारखता येतं ते पारखतो. सिस्टरने सुई एका झटक्यात लावली की चार ठिकाणी टोचलं, डॉक्टर खुर्चीवर बसून बोलले की दारातूनच वळले, चादर बदलली का, बेल दाबल्यावर किती वेळाने कुणी आलं. फिनलंडचे अभ्यासक ख्रिस्तियन ग्रोनरूस यांनी १९८४ मध्ये ‘काय मिळालं’ आणि ‘कसं मिळालं’ असे सेवेच्या गुणवत्तेचे दोन भाग केले. रुग्णालयात रुग्ण दुसऱ्यावरून पहिल्याचा अंदाज बांधतो. हा त्याचा भाबडेपणा समजू नये. हातात दुसरा पुरावा नसताना कोणीही शहाणा माणूस हेच करील.

या अंदाजाला मोजमापाची चौकट मिळाली ती पॅरासुरामन, झाइथाम्ल आणि बेरी या तिघांकडून. यांतले पॅरासुरामन मद्रासच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेले. १९८५ मध्ये त्यांनी अपेक्षा आणि अनुभव यांतल्या दरीची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये ‘सर्व्हक्वाल’ नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात २२ विधानं दोनदा विचारली जातात, एकदा अपेक्षा म्हणून आणि एकदा अनुभव म्हणून. अनुभवाच्या गुणांतून अपेक्षेचे गुण वजा केले की दरी हाती येते. ही विधानं पाच अंगांत विभागलेली आहेत : दृश्य सोयी, भरवसा, तत्परता, आश्वस्तता आणि आपुलकी. एक गोष्ट मात्र नव्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. ही प्रश्नावली बँक, क्रेडिट कार्ड, दूरध्वनी, उपकरणांची दुरुस्ती अशा सेवांच्या ग्राहकांवर घासून-पुसून तयार झाली. रुग्णालयासाठी ती बेतून पाहण्याचं काम बाबाकुस आणि मँगोल्ड यांनी १९९२ मध्ये केलं. आज आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयावरचे कितीतरी प्रबंध तीच २२ विधानं जराशी वाकवून पुढे नेतात. बँकेत गेलेला माणूस घाबरलेला नसतो, त्याच्या अंगावर रुग्णालयाचा गाऊन नसतो आणि नको वाटलं तर तो उठून समोरच्या बँकेत जाऊ शकतो. एवढा फरक लक्षात न घेता केलेली बेरीज-वजाबाकी कितीही काटेकोर असली तरी तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही.

१९९२ मध्येच क्रोनिन आणि टेलर यांनी आक्षेप घेतला, की अपेक्षेचे प्रश्न काढून टाकावेत. नुसता अनुभव विचारला तरी निष्कर्ष तितकेच, किंबहुना जास्त भक्कम येतात. आकडेशास्त्राच्या अंगाने त्यांचं म्हणणं वजनदार आहे. ‘रुग्णालय स्वच्छ असावं का?’ असं विचारल्यावर ‘नसावं’ कोण म्हणणार? सगळेच पूर्ण गुण देतात आणि अपेक्षेचा रकाना निरुपयोगी ठरतो. पण दोष अपेक्षेत नसून ती विचारण्याच्या तऱ्हेत आहे, असं मला वाटतं. मूळ तिघांनीच १९९३ मध्ये यातून एक वाट काढली. माणसाच्या मनात अपेक्षेच्या दोन पातळ्या असतात, असं त्यांनी म्हटलं : एक, हवीशी वाटणारी सेवा, दुसरी, एवढी तरी मिळालीच पाहिजे अशी सेवा. दोहोंमधला पट्टा म्हणजे माणूस किती सहन करून घेतो त्याची हद्द. नावाजलेल्या डॉक्टरांच्या ओपीडीत तीन-तीन तास बाकावर बसणारी मंडळी कुरकुरत का होईना, थांबतात; तिथे हा पट्टा रुंद असतो. छातीत कळ येऊन कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी तो पाच मिनिटांचाही नसतो. एकाच इमारतीत, एकाच कुटुंबासाठी हा पट्टा दिवसातून कितीदा तरी रुंद-अरुंद होतो, आणि आपली प्रश्नावली मात्र सगळं संपल्यावर एकदाच भरून घेतली जाते.

आता अपेक्षा येते कुठून ते पाहू. आपल्याकडे तिची सुरुवात बहुधा फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीपासून होते. शेजारच्या काकांचा गुडघा तिथेच बदललेला असतो, मावशीच्या सुनेला तिथल्या मॅडमच्या हाताचा गुण आलेला असतो. आधी सरकारी दवाखान्यात काय वाट्याला आलं, ते मनात असतं. आणि पैसा असतो : जितकं डिपॉझिट मोठं, तितकी ‘आता तरी कुणी नीट बघेल’ ही आशा मोठी. ती आशा अगदीच निराधार नाही. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात शिकवून तयार केलेले रुग्ण डॉक्टरांकडे पाठवून पाहिले. तोच डॉक्टर सरकारी केंद्रापेक्षा स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाला जास्त वेळ देतो, जास्त प्रश्न विचारतो आणि योग्य उपचार करण्याची शक्यताही तिथे वाढते, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरज नसलेली औषधं मात्र दोन्हीकडे सर्रास लिहिली जात होती. म्हणजे लक्ष विकत मिळतं, संयम मिळतोच असं नाही.

मला या क्षेत्रातला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो तो कमी अपेक्षेचा. ऊसतोडीवरून आलेल्या बाईला विचारावं, की इथं कसं वाटलं? ‘लई चांगलं, कुणी वसकन अंगावर आलं नाही,’ असं ती सांगते आणि फॉर्मवर सगळीकडे पाचपैकी पाच पडतात. शेजारच्या खोलीतला आयटी कंपनीतला तरुण त्याच वॉर्डाला तीन देतो, कारण डिस्चार्जला उशीर झाला. या दोघांची सरासरी चार येते आणि रुग्णालयाच्या अहवालात तो चार चढतो. त्या बाईला ऑपरेशन कशाचं झालं हे कुणी सांगितलेलं नसतं, तिच्या संमतीच्या कागदावर अंगठा कशासाठी घेतला हेही नसतं; पण सांगितलं जाईल अशी अपेक्षाच तिला कधी करू दिली नाही, म्हणून तक्रार नाही. समाधानाचा आकडा अशा ठिकाणी अन्यायावर पांघरूण घालतो. म्हणून पाहणीत उत्पन्न, शिक्षण, जात, लिंग, गाव यांचे रकाने नुसते भरून भागत नाही. प्रत्येक गटाला काय मागण्याची सवय आहे आणि काय मागण्याची सवय लागूच दिलेली नाही, हे मुलाखतींतून शोधावं लागतं. प्रश्नावलीच्या आधी कान लावून ऐकायचं काम आहे, आणि त्याला वेळ लागतो.

दृश्य सोयींबद्दल थोडक्यात. खासगी रुग्णालयांचा बराच खर्च दर्शनी भागावर होतो : चकचकीत फरशी, स्वागतकक्ष, कॉफीचं यंत्र. रुग्णाच्या वाट्याला येतं ते खाटेवरून दिसणारं छत आणि डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक छोटा अभ्यास छापला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. खर्च कुठे करावा, हे ठरवणाऱ्यांनी लॉबीतून उठून एकदा खाटेवर पडून पाहावं.

परदेशी चौकटीत न मावणारी आपल्याकडची मोठी गोष्ट म्हणजे नातेवाईक. फॉर्मवर ‘रुग्णाचे मत’ असं लिहिलेलं असतं. ते भरतो मुलगा, जावई किंवा भाऊ. पैशांची जुळवाजुळव तोच करतो, औषधं आणायला खाली-वर तोच धावतो, डबा तोच आणतो, निर्णयही बहुधा तोच घेतो. आयसीयूच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये अर्धा दिवस बसलं तर या क्षेत्राचा गाभा समोर दिसतो. प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून कुणी आडवं झालेलं असतं. चपलांच्या ढिगाशेजारी चार्जिंगला लावलेल्या फोनवर सगळ्यांची नजर असते. दार उघडलं की सगळे उठतात. आतून सिस्टर एखादं नाव पुकारते आणि हातात औषधांची चिठ्ठी देते. ‘कसं आहे हो?’ या प्रश्नाला ‘सर राउंडला आले की सांगतील’ हे उत्तर मिळतं. सर येतात तेव्हा नेमका तो माणूस मेडिकलच्या रांगेत असतो. मग गावाहून आलेल्या चुलत्याला डॉक्टरांनी जे सांगितलं ते, तीन तोंडांतून फिरून, त्याच्यापर्यंत पोचतं. आत उपचार उत्तम चालू असतील. बाहेर मात्र तासागणिक विश्वास झिजत असतो. सर्व्हक्वालच्या कुठल्या अंगात हे बसवायचं? तत्परता? आपुलकी? माझ्या मते, आपल्या कुटुंबांची पहिली अपेक्षा ‘आम्हाला सांगा’ ही आहे. आणि ठरावीक वेळी, ठरावीक माणसाने, बसून दिलेली दहा मिनिटांची माहिती बिलातल्या सवलतीपेक्षा जास्त तक्रारी मिटवते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही या पॅसेजपासून सुरुवात करावी. महाराष्ट्राने २०१० मध्ये हल्ल्यांविरुद्ध कायदा केला आणि तो गरजेचा होता. पण कायदा लागू होतो हात उगारल्यानंतर, आणि अपेक्षाभंग त्याच्या बराच आधी झालेला असतो.

जवळून पाहण्याजोगी दुसरी जागा म्हणजे डिस्चार्जचा दिवस. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी सोडतो.’ आजी घरची साडी नेसून, वेणी घालून, पिशवी भरून खाटेवर बसतात. त्यानंतर फाइल फिरू लागते. आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, डिस्चार्ज कार्ड लिहायचं, न वापरलेली औषधं फार्मसीत परत जायची, लॅब आणि एक्स-रेच्या नोंदी बिलिंगला पोचायच्या, अंतिम बिल विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे जायचं, तिकडून एखादी शंका यायची, तिचं उत्तर जायचं. दुपारचं जेवण येत नाही, कारण यादीतून नाव गेलेलं असतं. संध्याकाळी मंजुरी येते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. आठवडाभराच्या चांगल्या शुश्रूषेची आठवण या आठ तासांखाली दबून जाते. विमा नियामकाने २०२४ च्या मे महिन्यात परिपत्रक काढून कॅशलेस दाव्याला रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायला कंपन्यांना बांधून घातलं. ते प्रत्यक्षात कितपत पाळलं जातं, आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या फाइलला किती तास लागतात, हे एखाद्या विद्यार्थ्याने घड्याळ लावून नोंदवलं तर त्याचा प्रबंध शंभर समाधान-पाहण्यांहून उपयोगी ठरेल.

अपेक्षा कायद्यानेही घडत गेली आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. काही डॉक्टरांना त्यात नात्याचा शेवट दिसला, काही रुग्णांना पहिल्यांदाच दाद मागायची जागा दिसली. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. औषधं आणि तपासण्या कुठून करायच्या ते निवडण्याचा हक्क आणि बिलाच्या वादात रुग्ण किंवा मृतदेह अडवून न ठेवला जाण्याचा हक्क तिच्यात आहे. पुढे कोविड आला. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले : साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. बिलातली ओळ न् ओळ वाचायची आणि ‘हे कशाचे?’ असं विचारायचं असतं, हे हजारो कुटुंबांना तेव्हा उमगलं. त्या काळात लागलेली ही सवय टिकली की विरली, हा आपल्या राज्यापुरता एक फार चांगला संशोधन-विषय आहे.

समाधान वाढलं म्हणजे आरोग्य सुधारलंच, असं मात्र गृहीत धरू नये. अमेरिकेत फेंटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची माहिती तपासली; सर्वांत समाधानी गटाचा औषधांवरचा आणि एकूण खर्च जास्त होता, आणि मृत्यूचा धोकाही अधिक होता. यातून समाधानामुळे मृत्यू ओढवतो असं सिद्ध होत नाही. पण मागेल ते देणं म्हणजे चांगली सेवा, हे समीकरण डळमळतं. आपल्या गावोगावच्या डॉक्टरांना हे निराळं सांगायला नको. ‘एक सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला, गरज नाही असं समजावणारा डॉक्टर अनेकदा गुण गमावतो आणि रुग्णही गमावतो. दुसऱ्या बाजूला, डॉयल, लेनॉक्स आणि बेल यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र वाचून दाखवलं, की रुग्णाचा चांगला अनुभव, रुग्णाची सुरक्षितता आणि उपचारांची परिणामकारकता बहुतेक वेळा हातात हात घालून जातात. या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. खूश आहात का, असं विचारणं वेगळं, आणि औषध कसं घ्यायचं ते तुम्हाला सांगितलं का, असं विचारणं वेगळं. दुसरा प्रश्न जे घडलं त्याबद्दल आहे आणि त्याचं उत्तर तपासून पाहता येतं. नव्या प्रश्नावल्या या दुसऱ्या जातीच्या व्हाव्यात.

राहता राहिलं, कुठे काम करायचं. आजवरचे बरेचसे अभ्यास महानगरांतल्या मोठ्या, मानांकनप्राप्त रुग्णालयांतले आहेत, कारण तिथे परवानगी मागायला एक विभाग असतो. खाली दवाखाना आणि वर घर असलेली तालुक्यातली नर्सिंग होम्स जवळपास अस्पर्शच राहिली आहेत. मिरजेसारख्या गावात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येत आले आहेत. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची अपेक्षा कशी घडली याचा मागोवा घेता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात आलेल्या रुग्णाला शेजारच्या पैसे भरणाऱ्या रुग्णासारखीच वागणूक मिळते का, आणि मिळावी असं त्याला स्वतःला वाटतं का, हे दोन्ही प्रश्न खुले आहेत. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्या खाटांवरचा अनुभव रुग्णाच्या तोंडून नोंदवणारं काम व्हायला हवं.

आणि काम करताना, रुग्ण खाटेवर असताना त्याला मत विचारू नये. रुग्णालयाचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या माणसाला हाताला सलाईन लावलेली आजी ‘सगळं छान आहे बाळा’ हेच सांगणार. दोन-तीन आठवड्यांनी तिच्या घरी जावं. सोबत मुलगा असेल तर त्याचं वेगळं ऐकावं, सुनेचं वेगळं. बिल आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवायला सांगावं, आणि त्या कागदांवरची कुठली ओळ कुणी समजावून दिली होती आणि कुठली नव्हती, ते एकेक ओळ घेऊन विचारत जावं.